पाडव्याला मोजलेलं टेबल

भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी गिरणी उघडते. लातूरच्या बाहेर एक तेलगिरणी आहे, शेतकरी थेट तिच्या दारात सोयाबीन आणून घालतात. तिथल्या खरेदीचं सॉफ्टवेअर आमचं. आमचं म्हणजे नांदेडला भाड्याच्या दोन खोल्यांत बसणाऱ्या एका कंपनीचं, जिचे मालक आणि नोकर आम्ही दोघंच. माझे भागीदार वयानं मोठे. मी त्यांना सर म्हणते, ते मला मॅडम. डेटाबेस ते सांभाळायचे. स्क्रीन, रिपोर्ट आणि गिऱ्हाइकाशी बोलणं माझ्याकडे. डेटाबेसचं काम मलाही येत होतं, पण त्यात हात घालायचा नाही असा न बोलता झालेला करार होता आणि तो मी इतकी वर्षं पाळला होता.

खरेदी सुरू होते त्या दिवशी दोघांपैकी एकानं गिरणीत हजर राहायचं, हा नेम. त्या वर्षी सर बहिणीकडे हिमायतनगरला होते, म्हणून मी पहाटेची एसटी धरली. अहमदपूरला चहा घेतला तेव्हा आभाळ मोकळं होतं. चाकूर सोडल्यावर पश्चिमेला काळं दिसायला लागलं. दिवाळीनंतर पाऊस यायला नको, पण अलीकडे येतो. गाडीतले सगळे खिडकीतून बघत होते.

गिरणीतलं काम असं चालतं. ट्रॉली गेटवर आली की टोकन मिळतं. मग नमुना काढून ओलावा किती टक्के ते तपासतात, त्याला तिथं हवा म्हणतात. हवा चालण्यासारखी असली की ट्रॉली वजनकाट्यावर येते, कॉम्प्युटरमधून पावती निघते आणि ती घेऊन ट्रॉली पत्र्याच्या शेडमध्ये शिरते. शेडच्या अलीकडे सगळं उघड्यावर. पावतीशिवाय शेडमध्ये चाक जात नाही.

सकाळी सगळं सुरळीत होतं. पावती लगेच निघत होती. मी काट्याच्या खोलीत बसून डबा खाल्ला. दुपार व्हायला लागली तशी पावतीला वेळ लागायला लागला. आधी दोन श्वासांइतका, मग ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळेल इतका. काट्यावरचा माणूस माझ्या वयाचा, शांत. त्यानं मान न वळवता सांगितलं, "मॅडम, स्क्रीनवर चकरी नुसती फिरून राहिली."

"किती वेळ झाला?"

"मघाचा ट्रॅक्टर गेला तवापासून वाढूनच राहिलंय. दर गाडीला जास्त."

हे वाक्य मला आवडलं नाही. जे एकदम बंद पडतं ते सहसा लवकर सापडतं. प्रत्येक गाडीबरोबर थोडं थोडं वाढणारं दुखणं वेगळं असतं. रांगेतली प्रत्येक गाडी मागच्या गाडीला उशीर करत होती.

खिडकीतून रांग दिसत होती. ती गेटच्या बाहेर जाऊन रस्त्याला लागली होती. काट्यापासून बऱ्याच मागच्या ट्रॉलीवर एक बाई ताडपत्री बांधत होती. ताडपत्री अर्धीच ट्रॉली झाकत होती. उरलेल्या अर्ध्यावर तिनं पोती पसरली होती आणि पोत्यांवर दगड ठेवले होते. थोड्या वेळानं ती खिडकीशी आली. डोक्याला टॉवेल, हातात सकाळचं टोकन.

"मॅडम, तुमच्या कम्प्युटरनं फराळ लई हाणलाय का? उठायलाच तयार न्हाई."

"बघतेय, आक्का. थोडा वेळ लागेल."

"आभाळाला सांगा तेवढं. माझ्या मालाची हवा बारा आलीय सकाळी. आख्खी दिवाळी रस्त्यावर घालून वाळवलाय. एकदा भिजला की हे घेत न्हाईत अन् दुसरं बी कोण घेत न्हाई. ट्रॅक्टर भाड्याचा, डायवर भाड्याचा. सोयाबीन तेवढं माझं हाय."

"शेडमध्ये गेलं की झालं ना?"

"हाव. आत गेलं की माझं काम झालं. मग पडू द्या किती पडायचं ते."

ती परत ट्रॉलीकडे गेली. मी सरांना फोन लावला. हिमायतनगरला त्यांच्या बहिणीच्या घरात रेंज फक्त गच्चीवर मिळते. तिसऱ्या वेळी लागला.

"सर्व्हर बंद करून चालू करा," ते म्हणाले.

काटा थांबवून सर्व्हर बंद केला, चालू केला. पहिल्या काही गाड्या बऱ्या गेल्या. कारण साधं होतं : सर्व्हर बंद करताना आत अडकून पडलेल्या मागण्या पुसल्या गेल्या होत्या. मग पुन्हा तेच. रांग मात्र त्या वेळात आणखी लांब झाली.

आता इथं थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. काटा सेकंदाला पंधरा-वीस वेळा वजन पाठवतो. ट्रॉली काट्याच्या पाट्यावर चढते, हलते, स्थिर होते, आणि या सगळ्याची नोंद एका टेबलात ओळीमागून ओळ पडत जाते. दुपारपर्यंत त्या ओळी लाखांत जातात. पावती काढताना डेटाबेसला विचारलं जातं की या टोकनचं स्थिर वजन कोणतं. उत्तर शोधायचे दोन रस्ते. एक, इंडेक्समधून, म्हणजे पुस्तकाच्या सूचीसारख्या यादीतून, थेट त्या टोकनच्या ओळींवर जायचं. दुसरा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं टेबल वाचायचं. कोणता रस्ता घ्यायचा हे आपण सांगत नाही, डेटाबेस स्वतः ठरवतो. आणि ते ठरवताना तो टेबल उघडून बघत नाही. टेबलाबद्दल पूर्वी कधीतरी जमवून ठेवलेली आकडेवारी बघतो : ओळी किती, वेगवेगळी टोकनं किती, इंडेक्स किती मोठा. आचाऱ्यासारखं आहे. पाच पानं आहेत असं सांगितलं तर तो घरचा गॅस पेटवतो, आणि त्यात त्याचं चुकत नाही. पंगत बसल्यावर पाचशे पानं निघाली तर दोष शेगडीचा नसतो.

म्हणून ही आकडेवारी वेळोवेळी नवी करावी लागते. ते काम आपोआप होण्याची सोय असते. आमच्याकडे ती सोय बंद होती, आणि बंद करण्याला कारण होतं. काही वर्षांपूर्वी भर खरेदीत ती आपोआप चालली, डेटाबेसनं मध्येच रस्ता बदलला आणि गिरणी अर्धा दिवस उभी राहिली. तेव्हापासून सर हंगामाच्या सुरुवातीला आकडेवारी एकदा घेत आणि तिला कुलूप लावत. हंगामभर तीच. माझ्या मते हे शहाणपणाचंच होतं.

मी पावतीच्या क्वेरीचा, म्हणजे त्या प्रश्नाचा, रस्ता उघडून बघितला. डेटाबेसनं दोन आकडे दाखवले. ओळींचा अंदाज : एक. प्रत्यक्ष वाचलेल्या ओळी : लाखांवर.

एक ओळ असलेलं टेबल समजून तो प्रत्येक पावतीला सगळं टेबल वाचत होता. इंडेक्स बाजूला तयार होता, पण एका ओळीसाठी इंडेक्स कोण उघडतो. रांगेत उभ्या प्रत्येक टोकनसाठी हाच खेळ. आणि काटा तर दर सेकंदाला आणखी ओळी टाकत होता.

"हे टेबल कधीचं आहे?" मी काट्यावरच्या माणसाला विचारलं.

"नवं हाय की. पाडव्याला सरांनी करून दिलं. तुम्ही नव्हता तवा."

मग त्यानं सांगितलं ते असं. गिरणीचे मालक आप्पा पाडव्याला वहीपूजन करतात. सगळा बाजार करतो. आता वह्या राहिल्या नाहीत म्हणून आप्पांनी या वर्षी सांगितलं, कॉम्प्युटरमध्येही नवं खातं काढा, जुन्यात पुढं लिहायचं नाही. सरांनी गिऱ्हाइकाचं मन राखलं. जुनी टेबलं बाजूला ठेवली, नवी कोरी केली. काट्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, काट्याची सततची नोंद बंद ठेवून, सूपभर सोयाबीन पाट्यावर ठेवून मुहूर्ताचं एकच वजन टेबलात घातलं. एक टोकन, एक ओळ. पेढे वाटले. आणि सरांनी हंगामाच्या सुरुवातीला चालवायची ती ठरलेली स्क्रिप्ट चालवली : आकडेवारी घ्या, कुलूप लावा.

इतकी वर्षं ती स्क्रिप्ट भरलेल्या टेबलावर चालत होती. या वर्षी ती मुहूर्तावर चालली. डेटाबेसला मनापासून वाटत होतं की गिरणीत सूपभर सोयाबीन आलंय.

पश्चिमेकडून वारा सुटला. पत्रे वाजायला लागले. मी उठून आप्पांच्या ऑफिसात गेले. आप्पा साठीचे, कपाळावर भस्म, समोर ताकाचा तांब्या.

"शरणार्थ, आप्पा," मी त्यांच्या रीतीचा नमस्कार केला. " तासभर हातानं पावत्या देता येतील का? मला दुरुस्तीला वेळ पाहिजे."

"न्हाई."

"पाऊस येतोय. माल भिजेल."

"ताई, हाताच्या पावत्यांवरून इथंच माणसं एकमेकांच्या अंगावर गेली होती. आमच्या माणसानं लिहिलं ते खोटं अन् त्यांनी घरी मोजलं ते खरं. तवापासून काटा बोलंल तेच. माझा शब्द बी चालत न्हाई काट्यापुढं."

"मग बिनपावतीच्या गाड्या शेडमध्ये नुसत्या उभ्या करा."

"शेडात एकदा ढीग पडला की कुणाचं सोयाबीन कुणाचं, तुम्ही वळखणार का? अन् नुसत्या उभ्या करायच्या तर रिकाम्या गाड्या भायेर कुठून काढू? एकच दार हाय." त्यांनी ताक माझ्याकडे सरकवलं. "तुम्ही तुमचं करा. किती वेळ?"

"सांगता येत नाही."

"सांगता येत न्हाई, असं आमच्या हमालानं म्हटलं तर मी काय म्हणीन?"

मी ताक न पिता परत आले. सरांना पुन्हा फोन. या वेळी लगेच लागला, म्हणजे ते गच्चीवरच थांबले होते.

"आकडेवारी एका ओळीवर घेतलीय," मी म्हणाले. "कुलूप काढून नवी घेते."

"चालू काट्यावर नको, मॅडम. त्या वर्षी काय झालं बघितलंत ना?"

"त्या वर्षी रस्ता बिघडला. या वर्षी बिघडलेलाच आहे."

"एवढं मोठं टेबल वाचायला घेतलं तर सर्व्हर बसेल. आहे ते सुद्धा बंद पडेल. गाड्या हळू का होईना, जातायत ना?"

"जात नाहीयेत, सर. वाढून राहिलंय. आता एका पावतीला जितका वेळ लागतोय तितका धरला तरी ही रांग अंधार पडेपर्यंत संपत नाही. पाऊस त्याच्या आधी येतो."

"संध्याकाळी गेट बंद झालं की करू. मी तोवर निघतो."

"हिमायतनगरहून?"

मागं त्यांच्या बहिणीचा आवाज येत होता, जेवायला बोलावत होती.

"कुलूप मी लावलंय," ते शेवटी म्हणाले. "मला विचारल्याशिवाय काढू नका."

"विचारलं की आत्ताच."

"मग मी नको म्हणतोय."

"मी काढतेय," मी म्हणाले आणि फोन ठेवला. भागीदारीत असं बोलायचं नसतं हे मला माहीत आहे. पुढचे काही आठवडे ते मला मॅडमच्या ऐवजी तुम्ही एवढंच म्हणायचे.

त्यांची भीती खोटी नव्हती. सगळ्या ओळी वाचायला लावल्या असत्या तर काटा उभा राहिला असता. म्हणून मी डेटाबेसला शंभरात दोन-तीन ओळी बघून अंदाज बांध असं सांगितलं. इंडेक्सची आकडेवारीही त्याबरोबरच. अंदाजाला बिनचूक असायची गरज नसते, एक आणि लाख यांतला फरक कळला की पुरे. कुलूप काढलं. आज्ञा दिली. काट्यावरच्या माणसानं खुर्ची मागं सरकवून हात मांडीवर ठेवले. पाट्यावर एक ट्रॉली उभी होती आणि तिचा ड्रायव्हर हॉर्न दाबत होता.

स्क्रीन गोठली. सर म्हणाले होते तसंच झालं असं मला वाटलं. बाहेर आता रस्त्यावरची धूळ उडत होती आणि पोत्यांवरचे दगड पुन्हा पुन्हा नीट ठेवत ती बाई ट्रॉलीवरच बसून होती.

मग आज्ञा संपली. आकडेवारी नवी झाली. टेबलात आता लाखांनी ओळी आहेत हे डेटाबेसला कळलं.

"काढा पावती."

त्यानं बटण दाबलं. चकरी फिरायला लागली. फिरतच राहिली.

"मॅडम, जैसे थे."

मी रस्ता पुन्हा उघडून बघितला. तोच जुना. अंदाज : एक. क्षणभर कळेना की आत्ता मोजलेलं गेलं कुठं. मग लक्षात आलं. एकदा ठरवलेला रस्ता डेटाबेस लक्षात ठेवतो, प्रत्येक वेळी नव्यानं विचार करायला लागू नये म्हणून. नवी आकडेवारी आली तरी जुना रस्ता तो सावकाश, काही तासांत सोडतो, सगळ्यांनी एकदम विचार करायला बसू नये म्हणून. एरवी ही चांगली सवय. त्या दिवशी आमच्याकडे काही तास नव्हते. पत्र्यावर पहिले थेंब पडले, मोठाले आणि लांब लांब.

लक्षात ठेवलेले सगळे रस्ते एकदम पुसले तर क्षणभर सर्व्हरवर ताण येतो. मी तसं न करता फक्त पावतीचा रस्ता शोधून तेवढाच पुसला. हात घाईत होते, क्वेरीचा क्रमांक एकदा चुकीचा टाकला, पुन्हा टाकला.

"आता."

त्यानं बटण दाबलं आणि प्रिंटरनं पावती बाहेर ढकलली. त्याचं बोट अजून बटणावरच होतं.

"निघाली," तो म्हणाला. मग खिडकीतून ओरडला, "चला, चला, घ्या पुढं. झोपू नका."

पुढच्या ट्रॉल्या लागोपाठ चढल्या आणि उतरल्या. पाटा थरथरायचा, आकडा स्थिर व्हायचा, पावती निघायची. मी रस्ता बघत होते. इंडेक्सवरून जात होता. पाऊस वाढत होता. रांग खरोखर पुढं सरकतेय हे कळल्यावर मागचे ड्रायव्हर इंजिनं सुरू करायला लागले, आणि ती वेळ सगळ्यांत वाईट होती, कारण आता कुणाचं भिजेल हे एकेका गाडीवर ठरणार होतं.

त्या बाईची ट्रॉली पाट्यावर चढली तेव्हा पाऊस पडत होता. जोराचा नव्हता, पण पडत होता. पोती ओली झाली होती. पावती निघाली. ट्रॉली शेडमध्ये शिरली आणि दारातच थांबवली गेली. पावसात आलेल्या मालाची हवा आत पुन्हा बघतात. मी पावतीची दुसरी प्रत घेऊन पाठोपाठ गेले, खरं तर मला बघायचं होतं.

नमुना घेणाऱ्या माणसानं पोतं उचललं आणि वरच्या वरची ओंजळ घेतली. यंत्रात टाकली. आकडा बघितला आणि मान हलवली.

"अठरा. भायेर घ्या."

"हात घाल की आत," ती म्हणाली.

"अठरा म्हणलं ना बाई."

"वरनं घेशील तर अठराच येनार. वर पाऊस हाय, खाली माझा माल हाय. तो नळा काय भिंतीला टेकवून ठेवायला आणलाय का?"

खोलवरचा नमुना काढायचा लांब पोकळ नळा खरंच भिंतीला टेकवलेला होता. पावसाच्या घाईत तो कुणी वापरत नव्हतं. त्या माणसानं माझ्याकडे बघितलं. त्यात बोलणं माझं काम नव्हतं. आप्पा दारात छत्री मिटत होते.

"घाल नळा," आप्पा म्हणाले. "तीन ठिकाणी घाल. अन् वरचा थर घमेल्यानं येगळा काढ."

वरचा ओला थर घमेल्यांत भरून बाजूला गेला. तो ढीग मोठा नव्हता, पण अगदी छोटाही नव्हता. ती त्या घमेल्यांकडे बघतच होती. मग नळा तीन ठिकाणी आत गेला. यंत्रानं तेरा दाखवलं. चालतं.

"एक वाढली," ती म्हणाली.

"चालतं," नमुनेवाला म्हणाला.

"मला कळतंय चालतं ते. वाढली कशानं ते बी कळतंय." तिनं माझ्या हातातली पावती घेतली आणि टॉवेलाच्या टोकात बांधली. मागून तिच्या ट्रॉलीचं फळकं उघडलं आणि सोयाबीन शेडच्या जमिनीवर पडायला लागलं. ती कडेला उभी राहून शेवटचा दाणा पडेपर्यंत हलली नाही.

"झालं का तुमचं, मॅडम?"

"झालं."

"कसलं झालं. मागं बघा."

दारातून मागची रांग दिसत होती. बऱ्याच गाड्या अजून उघड्यावर होत्या आणि आता चांगलाच पाऊस लागला होता. त्यांतल्या काहींकडे ताडपत्री होती, काहींकडे नव्हती. नमुनेवाल्यानं नळा हातात घेतला होता. काट्याच्या खोलीतून माणूस मला हाक मारत होता, टेबल वाढत चाललंय, पुन्हा बघून घ्या म्हणून. मी पदर डोक्यावर घेतला आणि पावसातून धावत खोलीत गेले.